मस्टरवरची मोकळी जागा

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
शासकीय लोकर निवड व विणकाम केंद्र,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर.

विषय : यजमानांचे नाव तोंडी न सांगितल्याबद्दल मिळालेल्या कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा व लोकर निवडणीच्या जागेवर कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : (१) आपली नोटीस क्र. आस्था/चौकशी/४१, दि. १७ जुलै १९७८.
(२) चौकशी अधिकारी साहेबांसमोरील माझा जबाब, दि. १२ जुलै १९७८.

महोदय,

“नाव पोटात ठेवावं, ओठावर आणू नये. बाईनं नाव घेतलं की धन्याचा एकेक दिस कमी होतोय,” असे माझ्या सासूबाई सोजरबाई यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला चुलीपुढे बसवून सांगितले. मी त्या वेळी चौदा वर्षांची होते. सदर सूचना तोंडी असल्याने तिची नक्कल सोबत जोडता येत नाही. परंतु आपल्या नोटिशीतील तिन्ही आरोप या एका सूचनेतूनच निघालेले आहेत, म्हणून खुलाशाची सुरुवात मला तेथूनच करणे भाग आहे. साहेबांनी रागावू नये.

१. मी, खाली सही करणारी, आपल्या केंद्रात दि. १ एप्रिल १९७७ पासून लोकर निवडणी कामगार म्हणून कामास आहे. माझे यजमान याच केंद्रात लोकर खरेदी विभागात मदतनीस होते. नऊ वर्षे ते ट्रकबरोबर गावोगावच्या धनगरवाड्यांवर जाऊन लोकर गोळा करून आणीत. दि. १३ नोव्हेंबर १९७६ रोजी सरकारी दवाखान्यात काविळीने त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अनुकंपा म्हणून ही जागा मला मिळाली. घरी मी व सासूबाई दोघीच. त्यांना दिसत नाही. माझे माहेर करमाळा तालुक्यातील केम, जेथे घरोघर कुंकू तयार होते. शिक्षण सातवी पास. हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे, कोणाकडून लिहवून घेतलेला नाही. म्हणून कोठे बोलण्यातले शब्द आले असल्यास सांभाळून घ्यावे.

२. माझ्या कामाबद्दल नोटिशीत एकही तक्रार नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणते. ढिगात हात घातला की लोकर कोकराच्या पहिल्या कातरणीची आहे की म्हाताऱ्या मेंढीची, हे मला डोळे मिटून सांगता येते. काळी, पांढरी, करडी वेगळी करणे, कुसळे व गोखरू वेचणे यांत माझ्या टोपलीतून माल परत आलेला नाही. मुकादम ज्ञानबा यांनी नव्या बायकांना शिकवायला मलाच बसविले. माझा आवाज बारीक असल्याने शेजारी बसणाऱ्या केराबाई म्हणतात, “हिची शिकवणी ऐकायला मेंढीचेच कान पाहिजेत.” तरी त्या शिकल्या. मला दुसरे काही येत नाही, साहेब. यजमान गेले त्यानंतर या ढिगापुढे बसले की हातांना तेवढे माहीत असते की पुढे काय करायचे. ही जागा गेली तर हातांनाही कळायचे नाही.

३. आपल्या नोटिशीत माझ्यावर खालीलप्रमाणे आरोप आहेत :
(अ) तीनदा विचारूनही मला पतीचे नाव सांगता आले नाही.
(ब) मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर हात उगारून हातवारे केले.
(क) नेमणुकीच्या हुकमात माझे संपूर्ण नाव असताना मस्टरवर मी पतीचे नाव वगळून सही करते, सबब मी तीच व्यक्ती असल्याबद्दल संशय येतो.
आणि यावरून, मैंदर्गी येथील शांतम्मा या बाईने स्वतःला मयताची पत्नी म्हणून जो अर्ज केला आहे तो खरा मानून माझी सेवा का समाप्त करू नये, असे विचारले आहे.

४. आरोप (अ) बाबत. चौकशी अधिकारी साहेब पुण्याहून आले होते. त्यांनी मला खुर्ची देवविली, पाणी देवविले, हे कृतज्ञतेने नमूद करते. त्यांनी विचारले, “तुमच्या पतीचे नाव?” मी खाली पाहिले. त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणाले, “आमच्या देवाचं जे नाव हाय, तेच.” साहेब म्हणाले, “बाई, देव तेहतीस कोटी आहेत.” बडे कारकून हसले. मी म्हणाले, “हुन्नूरचा देव.” साहेबांना हुन्नूर ठाऊक नव्हते. दारातल्या शिपायाला ठाऊक होते, परंतु शिपायाने सांगितलेले नाव माझ्या जबाबात धरता येत नाही असे ठरले. मग मी उखाण्यात घेण्याची परवानगी मागितली. विधवेने उखाणा घ्यायचा नसतो हे मला कळते, तरी मागितली. साहेब म्हणाले की जबाब सरळ वाक्यात द्यावा लागतो. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी बोलण्याऐवजी हात पुढे केला, आणि कारकुनांनी ‘सांगता आले नाही’ असे लिहून घेतले.

साहेब, ते नाव मला येत नाही असे कसे होईल? आमच्या कुळदैवताचे नाव तेच, म्हणून मी देवाचे नावसुद्धा घेत नाही. रोज सूर्य उगवायच्या आत आंघोळ करून देवाला भंडारा वाहते आणि एकशे आठ वेळा नुसते “देवा” म्हणते. रविवारी निराहार असते. जत्रेत सारी माणसे देवाच्या नावानं चांगभलं म्हणतात, मी पंधरा वर्षे फक्त “चांगभलं” म्हणत आले. नावाची जागा आली की ओठ मिटते, पुढच्या शब्दाला उघडते. माझ्या देवालाही माझ्या तोंडून त्याचे नाव ऐकायला मिळालेले नाही. मी या एका नावापायी दोघांना उपाशी ठेवले आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते. ते कसे लक्षात आले, हे पुढे लिहिते.

५. आरोप (ब) बाबत. मी हात उगारला नाही. हात पुढे केला, कारण माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूस यजमानांचे नाव गोंदलेले आहे. लग्नाच्या वर्षी जत्रेत गोंदवून घेतले होते. जे बोलायचे नाही ते अंगावर तरी असावे, म्हणून आमच्याकडच्या बायका गोंदवून घेतात. सुई लागताच मी रडू लागले तेव्हा गोंदणारीण म्हणाली, “रडू नगं पोरी, तीनच अक्षरं हायती. नवरा काय बारा अक्षरांचा न्हाय केला तू.” जबाबाच्या दिवशी मी तो हात राखेने घासून गेले होते, लोकरीचा तेलकट मळ राहू नये आणि साहेबांना अक्षरे नीट वाचता यावीत म्हणून. पण साहेबांनी मान वळविली. परस्त्रीचा हात कशाला पाहायचा, हा त्यांचा सज्जनपणाच झाला. त्यांनी पाहिले नाही, मी तो आणखी पुढे केला, आणि कागदावर त्याचे हातवारे झाले. उद्धटपणाचा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नव्हता. हे केराबाईंना सांगितले तेव्हा त्या एवढ्या हसल्या की मुकादम आत आले, आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या.

६. आरोप (क) बाबत. मस्टरवर मी ‘फुलाबाई’ लिहिते, मग बोटभर जागा मोकळी सोडते, मग ‘मेटकरी’ लिहिते. हे खरे आहे. बड्या कारकुनांनी अनेकदा टोकले. परंतु साहेबांनी सव्वा वर्षाचे मस्टर मागवून पाहावे. ती जागा एकाही दिवशी बुजलेली नाही, एकाही दिवशी आखडलेली नाही. घाईतही मी दोन्ही शब्द जवळ लिहिले नाहीत. जिचा नवरा नाही तिने दोन शब्द शेजारीशेजारी लिहिले असते. त्या जागेत कोणीतरी आहे, म्हणूनच ती सोडली होती.

७. (हा मुद्दा लिहून पूर्ण खोडला आहे. कागद दुसरा नसल्याने खाडाखोड राहिली, त्याबद्दल क्षमा असावी. यात मी असे लिहिले होते की साहेबांनी विचारताच शांतम्माने नाव घेतले, हाच ती खोटी असल्याचा पुरावा आहे. खऱ्या बायकोच्या तोंडून ते निघालेच नसते. हा मुद्दा मी मागे घेत आहे. कारण खालीलप्रमाणे.)

८. माझ्यानंतर शांतम्माचा जबाब झाला. दार अर्धे उघडे होते आणि मी बाहेर बाकावर होते. साहेबांनी विचारताच तिने नाव घेतले. कोणी तहान लागल्यावर पाणी मागावे, इतक्या सहज. मग साहेबांनी विचारले नाही तेव्हाही घेतले. साहेब, पंधरा वर्षांत एका बाईच्या तोंडून ते नाव मी प्रथमच ऐकले. मला राग यायला हवा होता. पण पहिल्या वेळी मी चटकन दाराकडे पाहिले, हाक ऐकून ते आलेच आहेत असे वाटून.

जबाब संपल्यावर ती बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. माझ्याहून वयाने लहान आहे. पायात चप्पल नव्हती. तिच्या बोलण्यात अर्धे कानडी येते, ते मला सगळे कळत नाही, परंतु पुढील बोलणे मला पूर्ण कळले, आणि ते जसे आठवते तसे देत आहे. ती म्हणाली, “अक्का, तुमी नाव घेतलं न्हाई म्हणून सायेब रागावलं काय? मला त्येंनीच सांगितलं व्हतं की नावानं बोलीव म्हणून. म्हणायचे, घरात आई ‘लेकरा’ म्हणती, बायकू ‘आवं’ म्हणती, हापिसात ‘ए मेटकरी’ म्हणत्यात. मला नाव हाय का न्हाय त्येच कळंना झालंय. तू तेवढं नावानं बोलीव. म्या बोलवत व्हते. दुसरं काय बी मागितलं न्हाई त्येंनी, अक्का. लोकर घ्यायला आले की वट्ट्यावर बसायचे, म्या नाव घ्यायचे, आन् ते ‘ओ’ द्यायचे.”

हे खरे आहे, साहेब. सासूबाईही यजमानांचे नाव घेत नाहीत, कारण तेच त्यांच्या सासऱ्यांचे नाव. लहानपणापासून घरात त्यांना कोणी नावाने बोलाविलेच नाही. मी धन्याचे दिवस वाढावेत म्हणून गप्प राहिले. मी एक-एक दिवस राखून ठेवत होते आणि ते मैंदर्गीला जाऊन आपले नाव ऐकून येत होते.

माझ्या डब्यात भाकरी होती, ती मी शांतम्मापुढे ठेवली. तिने अर्धी मोडून मला दिली आणि अर्धी खाल्ली. एवढेच झाले.

९. आता जे लिहिते ते नोटिशीत विचारलेले नाही. तरी खुलासा खरा व्हावा म्हणून लिहिणे आवश्यक आहे. दवाखान्यात शेवटच्या गुरुवारी दुपारी यजमान शुद्धीवर होते. डोळे हळदीसारखे झाले होते. म्हणाले, “एकदा नाव घे की.” मी म्हणाले, “ह्ये काय भलतंच. उतार पडू द्या. रविवारी देवापुढं उखाण्यात घेते.” तेव्हा म्हणाले, “उखाण्यात नगं. नुसतं घे. लांबनं हाक मारल्यागत.” मी म्हणाले, “व्हय, घेते.” शनिवारी पहाटे ते गेले. रविवार आला तेव्हा मी त्यांच्या मागे उरले होते.

नंतर सासूबाई म्हणाल्या, “आता तर अजिबात नगं. नाव ऐकलं की जीव मागं वळून बघतो, त्याला पुढं जाता येत न्हाय.” म्हणून मी तेव्हाही घेतले नाही. आज वीस महिने झाले. या वीस महिन्यांत दर रविवारी मला ते वचन आठवते, आणि दर रविवारी मी उपास करते. उपास केल्याने वचन फिटत नाही, हे मला आता कळले आहे.

१०. तरी आपल्या चरणी विनंती अशी की :
(अ) लोकर निवडणीच्या जागेवर मला कायम ठेवावे. लग्न पंधरा वर्षांपूर्वीचे असल्याबद्दल सासरच्या गावच्या पोलीस पाटलांचा दाखला जोडला आहे. चौकशी अधिकारी साहेब म्हणाले की असे दाखले मागेल त्याला मिळतात. तसे असल्यास त्यांनी एक रविवार आमच्या गावी येऊन माणसांना विचारावे, ही विनंती.
(ब) शांतम्मा यांच्या अर्जात खोटे काही असल्यास ते कायद्याने पाहावे. मी तिला खोटी म्हणत नाही. तिच्यावर तोतयेगिरीचा खटला करू नये. कातरणीच्या हंगामात लोकर धुवायला बायका लागतात, तेव्हा तिला बोलवावे. तिला लोकर कळते. न कळल्यास मी शिकवीन.
(क) उद्या सोमवार, दि. २४ रोजी खुलाशाची मुदत संपते. मी सकाळी साडेदहा वाजता हजर राहीन आणि साहेब म्हणतील तितक्या वेळा, सरळ वाक्यात, यजमानांचे नाव घेईन. जबाब पुन्हा लिहून घ्यावा. मस्टरवरची जागाही भरून देईन. मागच्या सव्वा वर्षाची मात्र तशीच राहू द्यावी.

११. सोबत जोडलेली कागदपत्रे : नेमणुकीच्या हुकमाची नक्कल एक. दवाखान्याचा मृत्यूचा दाखला एक. पोलीस पाटलांचा दाखला एक. मुकादम ज्ञानबा व केराबाई यांचे कामाबद्दलचे निवेदन एक, केराबाईंचा अंगठा. गोंदलेले नाव, डाव्या हातावर, हे जोडता येत नाही. उद्या समक्ष घेऊन येते.

१२. आज रविवार आहे. हा अर्ज आज दुपारी पुरा झाला असला तरी मी तो उद्याच देणार आहे, याचे कारण एवढेच की जे नाव पंधरा वर्षे पोटात ठेवले ते पहिल्यांदा फाईलसाठी बाहेर पडू नये. फाईल दुसरी. पहिला मान ज्यांचे आहे त्यांचा.

देगाव रस्त्याला माळावर आमच्या देवाचे एक दगडाचे ठाणे आहे. पाऊस दोन दिवस उघडला आहे आणि मेंढरे तिकडेच बसायला येतात. माळ मोठा आहे, लांबवर कोणी नसते. माझा आवाज बारीक असला तरी तेथे पुरेल असे वाटते. सासूबाईंना मी सकाळी सारे सांगितले. त्या चाचपत उठल्या, भंडाऱ्याची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “जोरात घे. त्याला लहानपणापासनं डाव्या कानानं कमी ऐकू येत व्हतं.” हे मला ठाऊक नव्हते.

सासूबाईंची भाकरी झाकून ठेवली आहे, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आहे. अर्जाची घडी घालण्यापूर्वी खाली सही करीत आहे. अक्षर माझेच आहे. दार लोटून घेते आणि निघते.

सोलापूर, दि. २३ जुलै १९७८.

आपल्या केंद्रातील लोकर निवडणारी,

फुलाबाई बिरप्पा मेटकरी